कॅमेऱ्यात दिसलेली ऊब

लेकरांनो, मी सांगतेय, नात लिहितीय.

दुष्काळात गावची दूध सोसायटी बंद पडली, तरी आमचा विसरभोळा म्हातारा रोज रिकामी किटली घेऊन तिकडं जायचा. काल संध्याकाळी गेला, तो परतलाच न्हाई.

आज सकाळी बिबट्या शोधायला वनखात्याची माणसं आलती. त्यांच्या कॅमेऱ्यात कोसभर लांबच्या जित्या अंगाची ऊब दिसते. म्हणलं, "बाबा, बिबट्या राहू दे, आधी आमचा वाघ हुडक."

"आजी, त्या बांधावर ऊब दिसतीय. जीव हाय!"

पळतच गेले. म्हाताऱ्याला काय काय बोलायचं, तेबी ठरवलं होतं.

ऊब आमच्या कुत्र्याची होती. त्याच्याशेजारी म्हातारा पडलेला, मातीइतका गार. म्हणून तो कॅमेऱ्याला दिसलाच न्हाई.

म्हाताऱ्याला घरी आणलं. कुत्रं अजून तिथनं उठत न्हाई. त्याला काय सांगू, तुमीच सांगा.