फुकटचा ठिपका

आमच्या घरून परत निघायच्या आधी अण्णा हातपाय धुवायचे, ओट्यावरची खुर्ची दाराजवळ ओढायचे आणि पाणी मागावं तसं माझ्या बायकोला विचारायचे, "विहीणबाई, तुमचा वायफाय चालू हाय ना? जरा चौकोन भरून घेतो."

चौकोन म्हणजे नकाशाचा. फोनमधल्या नकाशावर अंगठ्याने एक चौकोन ओढायचा आणि डाउनलोडवर टिचकी मारायची. श्रीवर्धनपासून रेवदंड्यापर्यंतचे रस्ते, पूल, देवळं, पेट्रोलपंप सगळं फोनमध्ये उतरतं आणि वाटेत डेटा लागत नाही. अण्णांच्या फोनला डेटा नव्हताच. बोलण्यापुरता रिचार्ज, बाकी काही नाही. वायफायचं बिल मी भरतो आणि हा माणूस दर खेपेला त्यातून अर्धा रायगड जिल्हा भरून घेऊन जातो, हे मला दिसत होतं. दुसरा कोणी असता तर मी बोललो असतो. पण अण्णा माझे व्याही. माझी एकुलती एक मुलगी, सुजाता, श्रीवर्धनला त्यांच्या घरात दिलेली. मुलीच्या बापाला रेवदंड्यात तोंड असतं, श्रीवर्धनात नसतं.

मी ट्रकवर हमाल म्हणून लागलो. आज माझे स्वतःचे ट्रक आहेत, खडी-सिमेंटचं दुकान आहे. ते सगळं मी भाव करून उभं केलं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. समोरचा एक बोलला की मी अर्धा बोलतो, तो हसला की मी उठतो, आणि मी उठलो की तो हाक मारतो. माझा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो असं लोक म्हणतात. जाऊ दे.

सुजाताच्या लग्नाच्या बैठकीला मी असाच कंबर बांधून गेलो होतो. मानपान, हॉल, जेवण, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. अण्णांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "पोरीला आमची वाडी आवडली का?" आवडली म्हटल्यावर म्हणाले, "मग झालं की. बाकीचं तुम्ही बघा, तुम्हांला त्यातलं कळतं." बैठक संपली. घरी येताना माझी बायको खूश होती आणि मी चिडलेलो. कुस्तीला उतरावं आणि समोरच्याने पानाचा डबा पुढे करावा, तसं झालं होतं.

गाडी घेतानाही तेच. सोसायटीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांना गाडी हवी होती. मी पेणला एक जुनी पण चांगली गाडी हेरली. मालकाला आठवडाभर पिकवत ठेवला. अण्णांना बजावून सांगितलं, "तुम्ही फक्त तोंड वाकडं करून उभे राहा." मालकाने किंमत सांगितली. मी खोकलो. तेवढ्यात अण्णांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ठीक हाय. देवाच्या दयेनं गाडी देखणी हाय." परत येताना मी कार्लेखिंडीपर्यंत बोललो नाही. शेवटी अण्णाच म्हणाले, "व्याही, तो बी घरी जाऊन दोन घास सुखानं खाईल. खाऊ दे."

त्या गाडीत एक पडदा होता. त्यात नकाशा होता, पण त्याची फुकटची मुदत पहिल्या मालकाच्या हाती संपलेली. आता वर्गणी भरा म्हणत होता. मी कंपनीला फोन लावला. एवढ्या वर्षांत मी जकात नाक्यावर भाव केला आहे, बँकेत केला आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, हा प्लॅन आहे." मी म्हटलं, "जुनं गिऱ्हाईक आहे, काहीतरी कमी करा." ती म्हणाली, "सर, हा प्लॅन आहे." साहेबाला द्या म्हटलं तर साहेबही तेच म्हणाला. ज्याला उठून जायची भीती घालता येत नाही त्याच्याशी भाव कसा करायचा? मी फोन आपटला. अण्णा हसत होते. म्हणाले, "गाडी माझी, रस्ता सरकारचा. मग भाडं कशाचं भरायचं?"

त्यांनी सुपारीच्या झाडाची विरी, ते झावळीच्या बुडाचं चामड्यासारखं आवरण, कापून फोनसाठी खोबण केली आणि रबराने पडद्यावरच बांधली. चौकोन भरलेला फोन त्यात बसवला. गाडी सुटली की नकाशावर निळा ठिपका सरकायला लागायचा. डेटा नसतानाही ठिपका चालतो याचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक होतं. "ह्यो बघा, ह्यो फुकट हाय. ह्यो वरून येतो," म्हणून आभाळाकडे बोट करायचे. नकाशातल्या बाईशी त्यांचं बोलणं चालायचं. ती "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणाली की हे म्हणायचे, "व्हय गं बाय, वळतो. दमानं सांग."

मी म्हणायचो, "अण्णा, हा नकाशा जुना असतो. पुढे रस्ता बंद असला तर त्याला कळत नाही."

"मला तरी कुठं कळतं? गेल्यावर दिसंल की."

सुजाताला सातवा लागला. ओटीभरण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला रेवदंड्याला आणायचं ठरलं. जावई रोह्याला कंपनीत, त्याला रजा मिळेना. मी म्हटलं, माझी मोठी गाडी पाठवतो, ड्रायव्हर पाठवतो. अण्णा ऐकेनात. "माझी सून हाय. भरल्या ओटीनं मी पोचवणार. तुम्ही दारात उभं राहा, भाकरतुकडा ओवाळायला." मग मी त्यांच्या फोनवर माझ्या खिशातून डेटा मारला आणि फोन करून सांगितलं, "निघालात की लोकेशन पाठवा. मला इथे बसून दिसेल तुम्ही कुठवर आलात ते." ते म्हणाले, "बरं बरं."

लोकेशन आलं नाही. डेटा फोनमध्ये होता, त्याचं बटण बंद होतं. उगाच जळत बसतो म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं होतं.

श्रीवर्धनहून आमच्याकडे यायला दोन वाटा. एक दिघीला जाऊन फेरीबोटीवर गाडी चढवायची, खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूडवरून यायचं. ही जवळची. दुसरी म्हसळा, माणगाव, रोहा अशी लांबून. नकाशा जवळची दाखवतो. पाण्यावरून एक तुटक रेघ काढतो आणि पलीकडे रस्ता पुन्हा सुरू करतो. सकाळी बोट चालू होती. दुपारी वारा उठला आणि बंद झाली. ही तिघं, अण्णा, त्यांची बायको आणि सुजाता, दिघीच्या जेट्टीवर पोचली तेव्हा फाटकाला साखळी होती.

अण्णांचा फोन आला. मागे वाऱ्याचा घोंघाट. "व्याही, बोट बंद हाय. पोरीच्या पोटात दुखाया लागलंय. मी मागं फिरतो."

"मागं म्हणजे कुठे? श्रीवर्धनला की माणगावला? अण्णा!"

फोन तुटला. मी पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. विहीणबाईंचा लावला, सुजाताचा लावला. बाहेर, बाहेर.

मोठे दवाखाने माणगावच्या बाजूला, म्हणून मी गाडी काढली आणि रोह्यावरून माणगावला सुटलो. श्रीवर्धनचा रस्ता हायवेला मिळतो तिथे गाडी लावून उभा राहिलो. त्या बाजूने येणारी प्रत्येक गाडी न्याहाळत होतो. माझ्या फोनमध्ये ढीगभर डेटा होता. नकाशा उघडला की मी दिसत होतो, निळा ठिपका, माणगावच्या नाक्यावर, जागच्या जागी. माझी मुलगी कुठे आहे ते दिसत नव्हतं. एका रिक्षावाल्याने "काका, गाडी बाजूला घ्या" म्हटलं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

ती श्रीवर्धनला गेली होती. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला तेव्हा कळलं. मुलगी झाली होती. रडली नाही.

श्रीवर्धनच्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना मी विचारलं, अर्धा तास आधी आणली असती तर? जेट्टीला न जाता सरळ माणगावला नेली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी तीनदा विचारलं. तीनदा तेच.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. डेटा चालू असता तर नकाशाने बोट बंद आहे हे घरातच सांगितलं असतं. हे जेट्टीकडे वळलेच नसते. एक बटण. मला अण्णांना दवाखान्याच्या आवारात धरून विचारायचं होतं. ते जिन्याखाली बसले होते, पायात एकच चप्पल. मी त्यांच्याकडे निघालो तसा सुजाताचा निरोप आला, आधी बाबांना आत पाठवा. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "बाबा, अण्णांना एक शब्द बोलायचा नाही. मला त्या घरात राहायचंय."

मी नाही बोललो. घरी येऊन ड्रायव्हरवर ओरडलो, मेव्हण्यावर ओरडलो, पण अण्णांना बोललो नाही.

त्यानंतर अण्णा आले की वायफाय मागायचे नाहीत. त्यांनी महिन्याचा डेटा घेतला आणि बटण कायम चालू ठेवलं. आणि एक नवीन सुरू केलं. घराबाहेर पडले की मला लोकेशन पाठवायचे. दळण आणायला गेले तरी, बाजारात मासळी आणायला गेले तरी. सोबत शब्द नसायचा. मी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत असायचो आणि फोन वाजायचा. उघडून पाहावं तर श्रीवर्धनच्या गल्लीतून अण्णांचा ठिपका हळूहळू सरकतोय. मी कधी उत्तर दिलं नाही. पण ते घरी पोचेपर्यंत बघत राहायचो.

एकदा ओट्यावर आम्ही दोघेच होतो. अण्णा म्हणाले, "व्याही, तुम्ही सगळ्यांवर ओरडता. मघाशी त्या सिमेंटवाल्याची काय हजामत केलीत! माझ्यावर बी एकदा ओरडा की."

मी म्हटलं, "चहा घ्या. गार होतोय."

"पोरीनं बंदी घातलीय ना तुम्हांला?"

"बिस्कीट घ्या."

"तुमच्यासारखा माणूस गप बसला की लई भ्या वाटतं बघा," असं म्हणून त्यांनी चहा बशीत ओतला. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मला वाटायचं, हा माणूस भाव करायला आला आहे. एवढ्या शिव्या घाला आणि एवढी माफी द्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घासाघीस केली आणि मला सौदा करायची मुभा नव्हती.

ते गेले ते वाडीतच. सुपारीला पाणी सोडून पाटाच्या कडेला बसले आणि कलंडले. फोन खिशात होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी निघालो. बायको आधीच गेली होती. मुरूडवरून आगरदांड्याला आलो. वारा होता. जेट्टीच्या फाटकाला साखळी. माझा फोन समोर, डेटा भरलेला, नकाशा चालू, बाई सांगत होती, सरळ जा, फेरीने पलीकडे जा. वर वेळसुद्धा दाखवत होती.

फाटकावरच्या माणसाला मी विचारलं, "बंद आहे का हो?"

"सकाळधरनं बंद हाय, काका."

मी त्याच्यापुढे फोन धरला. "अहो, पण यात चालू दाखवतंय. याला डेटा आहे. हे आत्ताचं आहे."

त्याने पाहिलंसुद्धा नाही. "त्यात रोजच चालू असते. डेटा असूं दे न्हायतर नसूं दे. तिकडं पाऊस असो, वादळ असो. रोज धाबारा जण असा फोन दाखवतात."

मी गाडीत येऊन बसलो. नकाशा बंद केला, पुन्हा उघडला. फोन बंद करून चालू केला. दर वेळी तीच तुटक रेघ पाण्यावर. मला त्या माणसाशी भांडावंसं वाटलं, पण कशावरून? दोन वर्षं मी जे बटण उराशी धरून बसलो होतो, त्याचा काहीच उपयोग झाला नसता. आणि हे ज्याला ऐकायचं होतं तो गेला होता. मग रोहा, माणगाव, म्हसळा करत, सगळा वळसा घालून, अंधार पडल्यावर श्रीवर्धनला पोचलो.

सकाळी समुद्रावर पिंड मांडले. कावळे सुरूच्या झाडांवर बसून होते, खाली एकही येईना. जावयाने हात जोडून सांगितलं, वाडी सांभाळीन. कावळा आला नाही. आईला अंतर देणार नाही म्हणाला. नाही. विहीणबाई पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटल्या. भटजी घड्याळ बघायला लागले.

मी पुढे झालो. मला हळू बोलता येत नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. "अण्णा, डेटा चालू असता तरी त्याने तुम्हांला जेट्टीकडेच नेलं असतं. मी काल बघून आलोय. ऐकलंत का? तुमची चूक नव्हती."

भटजींनी माझ्याकडे चमकून पाहिलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुजाता खाली वाळूत बसली. मी पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने सांगितलं.

आम्ही बराच वेळ थांबलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी पिशवीतून दर्भ काढला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला.