मीनाबेन स्वतः आल्या म्हणजे

मीनाबेनचा फोन आला की माणसं खूश होत आणि मीनाबेन स्वतः दारात दिसल्या की माणसं धास्तावत. डहाणू रोडला स्टेशनजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेल्या मशीनमधले फोटो, कागदपत्रं बाहेर काढण्यात त्यांचा हातखंडा. काम झालं तर फोन यायचा, "ये, घेऊन जा." नाही झालं तर शटर ओढून, रिक्षा धरून बाई थेट गिऱ्हाइकाच्या घरी. "गेल्याची खबर फोनवर नाय द्यायची, भाई. त्यांच्या घरचं पाणी प्यायचं, मग सांगायचं." एका चिकूवाडीवाल्याने तर त्यांना फाटकातून येताना पाहून पायरीवरच बसकण मारली. मीनाबेन बिचाऱ्या आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या होत्या.

बाई ठेंगण्या, गुजराती पद्धतीची साडी आणि अंबाड्यात खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर. विनय नावालाही नव्हता. "सुरतपासून विरारपर्यंत असा हात नाय मिळणार," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मीच ते लोकांना सांगू लागलो. मशीन टेबलावर ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला. "बंद पडल्यावर बटण कितीदा दाबलं?" सगळे म्हणत, एकदाच. "खोटं बोलायचं तर डॉक्टरकडे जा. तो ऐकून घेतो. आजारी माणसाला सारखं उठवून बसवतात काय? तो जास्तच मरेल ने!"

मी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवत होतो. खंडेनवमीला आमच्याकडे कुदळ-फावड्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. त्या वर्षी हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ सगळं यथासांग झालं आणि आमच्या शिपाईमामांनी भक्तीच्या भरात नारळ थेट मशीनच्या डोक्यावर फोडला. पाणी फटीतून आत गेलं. नंतर मशीन चालू होईना, तेव्हा मुख्याध्यापकांपासून स्वयंपाकिणीपर्यंत प्रत्येकाने आपापल्या हाताचा गुण आजमावत बटण दाबून पाहिलं.

मशीनमध्ये बाकी काही नसतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण त्यात सोमीबाईचं गाणं होतं. सोमीबाई शेजारच्या पाड्यावरची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात तेव्हा धवलेरी गाते आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. मी एकदा तिचं सगळ्यांत लांब गाणं तिच्याच आवाजात टिपून शाळेच्या मशीनमध्ये ठेवलं होतं. ती पावसाळ्यात गेली. आता तिची मुलगी लक्ष्मी पाड्यावरच्या एका लग्नात पहिल्यांदा एकटी गाणार होती. लग्न तोंडावर आलं आणि ती शाळेत आली.

"गुरुजी, आयचं गाणं लावा. आर्ध्यात माना पुढचं सुचत नाय. आयच्या मागं मागं गायची मी, पुढं कधी झाली नाय."

मी मशीन उचललं आणि डहाणू रोड गाठलं.

"नारळ? मशीनवर?" मीनाबेन ओरडल्या. "दगड नव्हता शाळेत?" मग त्यांनी झाकण उघडलं, डिस्क बाहेर काढून कानाशी धरली आणि हलवून पाहिली. मी लक्ष्मीची गोष्ट सांगितली. स्क्रू-ड्रायव्हर अंबाड्यात परत गेला. "लग्नाआधी सांगते," एवढंच म्हणाल्या. सुरत-विरारचं नावही काढलं नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली.

रोज मी फोनची वाट पाहत होतो. एका दुपारी लक्ष्मी चौकशीला आली होती आणि आम्ही ओट्यावर बोलत होतो, तोच फाटकातून मीनाबेन आत आल्या. चारोटीला गाडी बदलून, काखेत लॅपटॉप घेऊन. त्यांनी पाणी मागितलं, पेला रिकामा केला आणि लक्ष्मीसमोर बसल्या.

"बेटा, तुझ्या आईचं गाणं अर्धं आलं. बाकीचं गेलं. मी खूप केलं. नाय आलं."

लक्ष्मी लॅपटॉपजवळ सरकली. मग म्हणाली, "आर्धं तं आर्धं. लावा."

सोमीबाईचा खरखरीत आवाज ओट्यावर घुमला. लक्ष्मी सवयीने तिच्या मागे गुणगुणू लागली. आई पुढे, लेक मागे. आणि एका शब्दाच्या मध्येच आवाज तुटला. लक्ष्मी तिथे थांबली. तिने श्वास घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ तिच्या तोंडून आपोआप आली. मग त्याच्या पुढची. मी घाईघाईने मोबाइल काढला, तर मीनाबेननी माझं मनगट पकडलं.

"आत्ता नको, मास्तर. पहिलं तिला पोचू दे."

जन्मभर लोकांचं हरवलेलं शोधून, साठवून देणारी ही बाई मला टिपू नको म्हणत होती. लक्ष्मी शेवटापर्यंत पोचली. मीनाबेनच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या डोळे पुसतही नव्हत्या. निघताना मात्र मूळ स्वभावावर आल्या. "मशीन अजून मेलेलंच आहे हं. त्या नारळवाल्याला सांग!"

लग्न लागलं. मीनाबेन पुढे फार वर्षं राहिल्या नाहीत. एका आजारपणात गेल्या, दुकान बंद झालं. आता डहाणू रोडला उतरलं की मला त्यांची फार आठवण येते.

लक्ष्मी आज या भागातली मोठी धवलेरी आहे. ते गाणं गाताना अर्ध्यावर एका जागी ती थांबते, श्वास घेते आणि पुढे जाते. पाड्यावरच्या म्हाताऱ्या सांगतात, सोमीबाई तिथे कधी थांबत नसे. लक्ष्मीच्या मागे आता दोन पोरी गायला बसतात. परवा एका लग्नात ऐकलं, त्याही बरोबर त्याच जागी थांबल्या.