न मिळालेल्या टिपांचा टॅक्स

तपकिरी लिफाफ्याला न घाबरणारं एकच माणूस मी इंग्लंडमध्ये पाहिलं आहे, आणि ते म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. इथेच जन्मलेली, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकलेली माणसंसुद्धा टॅक्स ऑफिसचा लिफाफा दारातून आत पडला की तो उचलून मायक्रोवेव्हवर ठेवतात आणि तो तिथे नाहीच असं समजून आठवडाभर जगतात. माझा नवरा त्यांतलाच. आत्या मात्र लग्नाची पत्रिका आल्यासारखा तो हातात घेतात, उलथन्याच्या टोकाने फोडतात आणि उभ्या उभ्या, मोठ्याने, तळाच्या बारीक अक्षरांसकट वाचून काढतात. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडच्या मागे त्यांचं घर आहे. त्या गल्लीतले निम्मे लोक आपले लिफाफे न फोडताच त्यांच्याकडे आणून देतात, गिरणीत दळण टाकावं तसे.

आत्या मूळच्या नागपूरच्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. गेली वीस वर्षं त्या एका गुजराती थाळीच्या रेस्टॉरंटमध्ये वाढायचं काम करतात. इथे टिपांवरही टॅक्स लागतो, आणि हाती रोख पडलेली टीप आपली आपण कळवायची असते. रेस्टॉरंटमधले बाकीचे हे ऐकून हसत, आत्या कळवत. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने कढी आवडली म्हणून स्वतःच्या अलॉटमेंटमधला, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यातला, भलाथोरला भोपळा त्यांना दिला, तर त्यांनी टॅक्स ऑफिसला फोन करून विचारलं की भोपळा ही टीप धरायची का. फोनवरचा मुलगा वरिष्ठांना विचारून आला आणि म्हणाला, नाही धरली तरी चालेल. मगच भोपळा चिरला गेला.

त्या फोनचंही एक शास्त्र आहे. नंबर लावायचा, स्पीकर चालू करायचा, ओट्यावर फोन टेकवायचा आणि तिकडचं संगीत सुरू झालं की पोळ्या लाटायला घ्यायच्या. किती वेळ थांबावं लागलं हे आत्या मिनिटांत सांगत नाहीत. 'आज दोन वाट्या कणकेत उचलला,' असं सांगतात. कुणी उचलला की आधी त्याचं नाव विचारतात आणि मग अस्सल लेस्टरच्या थाटात, "हॅव यू हॅड युअर लंच, मी डक?" 'मी डक' म्हणजे इथलं 'बाळा'. दिवसभर लोकांच्या शिव्या खाणारा तिकडचा माणूस आपण काय खाल्लं ते सांगू लागतो. पुढचं काम सोपं होतं.

मध्यंतरी रेस्टॉरंटमधल्या सगळ्यांच्या फोनवर एक मेसेज फिरला की वेटर लोकांना टिपांवरच्या टॅक्समध्ये सूट मिळाली. किचनमध्ये आनंदीआनंद झाला. आत्यांनी तो पूर्ण वाचला आणि सांगितलं, हे अमेरिकेचं आहे, आपल्याकडे असं काही नाही. सगळे हिरमुसून कामाला लागले. तेव्हा सिंकपाशी उभे असलेले रमणभाई कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटले, की मला तर टीपही नाही आणि सूटही नाही, टॅक्स मात्र आहे. आत्यांना ते ऐकू गेलं.

रमणभाई तिथले सर्वांत जुने वेटर. गुडघे गेले म्हणून वर्षभरापूर्वी मालकाने त्यांना आत भांडी धुवायला घेतलं होतं. टॅक्स ऑफिसच्या लेखी मात्र ते अजून वेटरच होते. त्यांना वर्षाला किती टिपा मिळत असतील याचा जुना अंदाज धरून दर महिन्याला पगारातून टॅक्स कापला जात होता. सिंकपाशी कोण टीप देणार? आत्यांनी विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या घरी तीन लिफाफे कॅलेंडरमागे खोचलेले आहेत. रमणभाई म्हणाले, जाऊ द्या, सरकारशी कशाला बोलायचं. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांनी फार उशिरा सांगितली. लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या लेकीला आपले वडील हेडवेटर आहेत असंच माहीत होतं.

मंगळवारी रेस्टॉरंट बंद असतं. त्या दिवशी आत्यांनी त्यांना घरी बोलावलं. मीही होते. तीन वाट्या कणीक झाली तेव्हा एका बाईने फोन उचलला. तिचं जेवण झालं होतं. रमणभाईंनी जन्मतारीख, पत्ता सांगितला, माझ्या वतीने या बोलतील म्हणून परवानगी दिली, आणि आत्यांनी सगळी हकीकत एका दमात मांडली. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. सध्या तुमचं काम काय?

रमणभाई फोनकडे बघत राहिले. आत्या उत्तर सुचवतील असं मला वाटलं. पण त्यांच्या हातातलं लाटणं तसंच, आणि तव्यावरची पोळी काळी पडत चाललेली. आत्यांच्या हातची पोळी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"आय वॉश द डिशेस," रमणभाई म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "इन द किचन. नो टिप्स."

"थँक यू," बाई म्हणाली. तिने टिपांचा आकडा काढून टाकला. जास्त कापलेला टॅक्सही पुढे परत मिळाला. पण रमणभाईंनी तेवढा धीर धरला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. एकदा ते वाक्य तोंडातून गेलं होतं, दुसऱ्यांदा सोपं गेलं असावं.

पुढे एका रविवारी मी आत्यांना विचारलं, तुम्हाला या कागदांची भीती कशी नाही वाटत? त्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काहीतरी गमतीचं उत्तर येईल म्हणून मी वाट पाहत होते.

"होती की," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा एक लिफाफा मी दोन महिने उघडला नव्हता."

आत्यांचे यजमान होजिअरीच्या कारखान्यात सुपरवायझर होते, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले होते. तो लिफाफा कारखान्याच्या पेन्शनचा होता. त्यात हुद्द्याच्या जागी सफाई कामगार असं लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेच.

"रोज टाय लावून जायचे गं," आत्या म्हणाल्या. "मीच इस्त्री करून द्यायचे. मला काही वाटलं नसतं. एकदा सांगायचं होतं नुसतं."

आत्यांनी उशीचा अभ्रा घडी करून वर ठेवला आणि त्यावर सुरकुती नसतानाही त्या बराच वेळ तळहाताने तो सारखा करत राहिल्या.