प्लगचे आटे

आमच्या घरात लोणच्याची बरणी उघडायची असली की आधी यांना हाक मारावी लागायची, कारण ती बंदही यांनीच केलेली असायची. अलीकडे तर बेसिनचा नळ, फिल्टरचं झाकण, सगळंच असं आवळून ठेवायला लागले होते की माझं मनगट दुखायचं. मी म्हणायची, "कंपनीतून रिटायर झालात, आता आमच्या बरण्यांवर कशाला राग काढता?" शेंद्र्याच्या कंपनीत जन्मभर फिटर होते ते. नुसते हसायचे.

गाडी महिनाभर पोर्चमध्ये उभी होती. "मिसिंग मारतीय, इंजिन अडखळतंय. प्लग बदलल्याबिगर बाहेर काढायची नाय," असं फर्मान निघालं होतं, आणि आम्ही दोघं रिक्षानं हिंडत होतो. मी रोज टुमणं लावायची की मग बदला की प्लग. शेवटी एका सकाळी हातात पाना घेऊन बसले. मी तांदूळ निवडत पायरीवर होते. तिसरा प्लग आवळता आवळता पाना एकदम हलका झाला आणि गरागरा फिरायला लागला. प्लग ज्या आट्यांत बसतो, ते इंजिनच्या हेडातले आटे गेले होते. हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. जोर जास्त झाला की सोलूनच निघतात.

मी तोंड उघडणार होते. पण ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि आपल्या बोटांकडं बघत राहिले.

"कडक झालं ते हाताला कळलंच नाय गं," म्हणाले. "बोटं लई दिसांपासनं बधिर हायेत. शुगरचं असंल."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"सांगून काय व्हणार? गोळ्या वाढवतील."

बरण्या का आवळल्या जात होत्या, ते मला तेव्हा कळलं. घट्ट झालं हे ज्याच्या हाताला समजत नाही, तो माणूस आवळतच जाणार. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. म्हणून मी म्हणाले, "मेकॅनिकला बोलावते."

"नगं. जन्मभर फिटरकी केली आन् म्हातारपणी आटे खाल्ले, असं म्हणतील."

"मग फिटरनं नाही खायचे तर कुणी खायचे? मी तर आयुष्यभर चकल्याच पाडल्या." ते जरा हसले. मग ठरलं की ते सांगतील आणि मी करीन.

नमुन्याला तो प्लग पिशवीत टाकून मी स्कूटीवर औरंगपुऱ्यात हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदारानं प्लग हातात घेतला आणि म्हणाला, "चुडी मर गई क्या, अम्मा?" मी थिजलेच. आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि हा भला माणूस सकाळी सकाळी चुडी मेली म्हणतोय, तीही माझ्या तोंडावर!

"आटे गेलेत," मी जरा जोरातच म्हणाले.

"हौ, वहीच तो. चुडी," तो म्हणाला आणि त्यानं डबी समोर ठेवली. आत नवे आटे पाडायचा टॅप होता आणि त्या आट्यांत बसवायच्या पोलादी तारेच्या कॉइली. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यात घोंघावत होता. यांना मी त्यातलं काही सांगितलं नाही.

दुपारी काम काढलं. ते स्टुलावर, मी गाडीवर ओणवी. "टॅपच्या खाचांत ग्रीस भर, म्हंजे कीस आत पडत नाय. सरळ धर. अर्धा फेरा पुढं, जरासा मागं." मी तसं करत गेले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हाताला काय लागतंय?"

"जड जातंय."

"जड म्हंजे? कुरकुरतंय का नुसतंच घट्ट?"

असल्या गोष्टी मी कधी शब्दांत सांगितल्या नव्हत्या. "पाट्यावर भिजलेली डाळ वाटताना लागते ना, तसं."

"मग बराबर हाये."

मी मान वर करून पाहिलं, तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं हवेत फिरत होती, अर्धा फेरा पुढं, जरासा मागं. मी पुन्हा खाली बघितलं. ते मला बघवेना.

नव्या आट्यांत कॉइल बसवली, राहिलेला कीस उडून जावा म्हणून प्लग न लावताच इंजिन क्षणभर फिरवलं, आणि मग प्लग चिमटीनं आत घातला. पान्यानं आवळताना एका जागी हात आपोआप थांबला.

"बसला?"

"बसला."

"कसं कळलं?"

"पुढं नको म्हणतोय."

त्यांनी मान डोलावली. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या ताटातलं काहीतरी आपण उचललं, असं वाटत राहिलं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "घ्या किल्ली, मारा एक चक्कर," मी म्हणाले. त्यांचा दिवस जरा तरी गोड व्हावा, एवढंच मनात होतं. त्यांनी किल्ली घेतली नाही. पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. मी गाडी बाहेर काढली.

कोपऱ्यावर मी विचारलं, "कुठं घेऊ?"

"दवाखान्याकडं घे. पायाचंबी सांगायचंय." ते समोर रस्त्याकडं बघत होते. "ब्रेकवर पाय हाये का नाय, ते खाली पाहिल्याबिगर कळत नाय मला."

माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"गाडीला काय झालं नव्हतं गं," ते म्हणाले. "जुने प्लग चांगलेच होते."