सावेताने घासलेलं खापर

सावेताच्या हाताला घाण खपत नसे. म्हणून तर टेकडीवर खोदकाम सुरू झालं तेव्हा खापरं धुवायला गावाने तिचंच नाव सुचवलं. सात उन्हाळे ती शाळेच्या अंगणात टब घेऊन बसत होती.

टेकडीवरची जळकी तटबंदी दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या दाक लोकांची, असं खोदकामाच्या प्रमुख ओल्तेआबाई म्हणत. शहरातले विद्वान ती तटबंदी हजार वर्षं अलीकडे ओढत. यंदा तटाच्या अगदी पायात मडक्याचं बूड सापडलं. आत करपलेल्या अन्नाची खरपुडी.

"मावशी, याला पाणी लावू नका हं," ओल्तेआबाईंनी बजावलं होतं. "तटाचा काळ ठरेल तो या खरपुडीच्या तपासणीवरूनच."

विद्वान बघायला यायचे होते त्या सकाळी सावेताने टेबलावर खापरं मांडली. मधोमध ते काळं बूड. आपल्या टेकडीवरच्या बायका करपलेली भांडी तशीच ठेवायच्या, असं म्हणतील लोक. तिने नुसती कड पुसायला घेतली. मग हातात राख आली, मक्याच्या पानांचा चोथा आला, आणि हात थांबला तेव्हा बूड लख्ख झालं होतं. पाणी केव्हाच गटारात गेलं होतं.

तिने ते बूड मदतीला आलेल्या जावेपुढे धरलं.

"त्यात काय एवढं?" जाऊ पारास्कीवा म्हणाली. "माझ्या कढईत मक्याच्या लापशीची हवी तेवढी खरपुडी आहे. थाप थोडी."

"गप गं."

"मग म्हण, जमिनीतून निघालं तेच असं."

तेवढं मात्र सावेताला जमेना. एप्रनखाली बूड धरून ती ओल्तेआबाई काम करत त्या वर्गात गेली आणि खाली बघतच सगळं सांगून टाकलं.

ओल्तेआबाई बराच वेळ ते बूड हातात फिरवत राहिल्या. मग वहीत लिहिलं, 'नमुना धुताना नष्ट.'

"माझं नाव घाला," सावेता म्हणाली.

"नावं नसतात घालायची, मावशी."

"घाला. तुमच्यावर यायला नको."

बाईंनी वही मिटली. कोपऱ्यातली न धुतलेली टोपली उचलून तिच्यापुढे सरकवली. "ही संध्याकाळपर्यंत होईल?"

चार शब्द सुनावले असते तर सावेता ते ऐकून घरी गेली असती. आता तिला टोपली उचलावी लागली. अंगणात टबाशी बसून तिने एकेक खापर नुसतं पाण्यात बुडवून काढलं. ब्रशकडे काही हात जाईना.