मामा मास्कमधून ‘आत... आत’ म्हणत होते

गेल्या महिन्यात सुट्टीवर अमरावतीला आईकडे आले होते. दुपारी ताटावर बसणार, तेवढ्यात अकोल्याहून मामीचा फोन... “तुह्या मामाले लय दम लागून राहिला वो. भरती केलं. तोंडाले मास्क लावून मशीन लावली. तुलेच समजते ते, तू ये.”

मामा बाळापूरजवळ भाजीपाला करतात, सत्तरी ओलांडलेली, आणि बिडीनं फुफ्फुसांची पार वाट लावलेली.

आता ‘तुलेच समजते’ का, तर मी पुण्यात एका छोट्या कंपनीत हेच मास्क डिझाइन करते. ज्यांना पुरेसा श्वास घेता येत नाही, त्यांच्या नाका-तोंडावर बसणारे, मशीनची हवा आत पोचवणारे. त्यामुळे नातेवाइकांत मी अर्धी डॉक्टर... प्रत्यक्षात सिलिकॉन आणि पट्ट्यांवाली बाई.

बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव... रस्ता संपेचना. एरवी मूर्तिजापूरला चहा घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही, त्या दिवशी ड्रायव्हरलाही घेऊ दिला नाही.

आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी सरळच सांगितलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलाय, मास्कनं तो बाहेर पडायला हवा. दोन तास बघू, नाहीतर घशात नळी टाकून व्हेंटिलेटर. अशा फुफ्फुसांत नळी एकदा गेली की काढणं किती कठीण असतं, हे ते बोलले नाहीत... पण मला माहीत होतं.

आत गेले तर मशीन सारखं बोंबलत होतं. मास्कच्या कडेनं हवा सुटत होती, थेट मामांच्या डोळ्यांत जात होती. सिस्टर बिचाऱ्या पट्टे आवळत होत्या, आणि जितके आवळावेत तितका मास्क तिरपा होत होता. नाकावर लाल वळ उठला होता.

आणि मामांचा हात सारखा मास्ककडे जात होता. हवेच्या आवाजात एकच शब्द ऐकू यायचा... “आत... आत...”

मामीला वाटलं, आपल्याला आत बोलावतायत. तिला पाच मिनिटं सोडलं, तरी मामांचं आपलं “आत... आत”. मला वाटलं, हवा आत जात नाही म्हणतायत. सिस्टर म्हणाल्या, “आजोबा मास्क काढून फेकतीन, हात बांधा लागते.” ते ऐकून मामीनं पदर तोंडाला लावला.

मी डॉक्टरांना माझं काम सांगितलं, त्यांनी हात लावू दिला. एक साइज लहान लावून पाहिला, मग एक मोठा. पट्टे सैल केले, पुन्हा नीट बसवले. जरा वेळ गप्प, की पुन्हा मशीनची बोंब... ऑफिसमध्ये हे मी डोळे मिटून करते. इथे बोटं घामानं निसटत होती, आणि मनात एकच... माझ्यासमोर, माझ्याच कामातल्या वस्तूमुळे हा माणूस जाणार.

तास उलटून गेला. शेवटी ओठ ओले करायला सिस्टरनी मास्क क्षणभर बाजूला घेतला. मामांनी होता नव्हता तो दम गोळा केला आणि माझ्यावर डोळे वटारले. “अवं पोरी... दात! माहे दात!”

दात... आत नव्हे, दात! कवळी!

भरती करताना नियमाप्रमाणे काढून मामीकडे दिली होती. मामी बाहेर बाकावर ती रुमालात बांधून, पर्समध्ये घालून, पर्स छातीशी धरून बसली होती. काखेत कळसा म्हणतात ते हेच. दात नाहीत म्हणून गाल खोल गेलेले, आणि त्या खड्ड्यांतून सगळी हवा पळत होती... मी तासभर मास्क बदलत बसले, तोंडाकडे पाहिलंच नाही.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. पेशंट शुद्धीवर आहे, कवळी घट्ट बसते, लावा... पण नजर ठेवा म्हणाले. कवळी बसली, गाल भरले, आणि अगदी पहिलाच मास्क नीट बसला. मशीन गप्प झालं.

पुढचा रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नाही. आकडा खाली आला होता, थोडाच, पण आला होता. नळी टळली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं, लीक दातांमुळे होतंय हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी माझ्याकडे मी येडी असल्यासारखं पाहिलं. “मले काय मालूम तुहं लीक-फीक? तू येऊन राहिली म्हने ही. आन् मास्क तं काचेवानी... भाचीसमोर बोळकं घेऊन पडून राहू काय?”

मी हसले, आणि हसता हसता रडू फुटलं. आमच्या ऑफिसात मास्क बसवून बघायला चेहऱ्यांचे साचे आहेत. सगळ्यांचे गाल भरलेले, जबडे भक्कम. आमचे निम्मे पेशंट म्हातारे, तरी एकही साचा बोळका का नाही, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही... लाज वाटली.

मामा घरी आल्यावर भीत भीतच विचारलं, मामा, कवळी काढून तुमच्या चेहऱ्याचं माप देता का? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “दार लोट पयले.”

मी दार लोटलं. मामांनी कवळी काढून वाटीत ठेवली, हात मांडीवर घेतले आणि चेहरा माझ्यापुढे केला. मला माप दोनदा घ्यावं लागलं, पहिल्यांदा टेपवरचे आकडेच दिसेनात.

हे सगळं त्यांना विचारूनच लिहितेय. अट एकच, फोटो टाकायचा नाही... मामा, नाही टाकला. पण आमच्याकडे आता एक नवा साचा तयार होतोय, गाल बसलेला. त्याच्यावर तुमचं नाव लिहिलेलं नाही, पण मला माहीत आहे तो कुणाचा आहे.