मोहाचा दोना

दारू मी पहिल्यांदा चाखली ती सात वर्षांची असताना, आरमोरीला, बापाच्या पेल्याच्या तळाशी उरलेली. जीभ लावली आणि थुंकले. गंजक्या खिळ्यावर रॉकेल ओतावं तशी चव. आईनं पाहिलं, पण मारलं नाही. बुद्धाच्या तसबिरीसमोर उभं करून पंचशील म्हणायला लावलं आणि त्यातलं शेवटचं शील, दारू न पिण्याचं, तीनदा म्हणून घेतलं. बाप तेव्हा ओसरीवर घोरत होता. त्याच्यापुढे हात टेकल्यावर तिनं सगळा जोर माझ्यावर लावला होता. नर्सिंग पास होऊन नोकरीवर निघाले तेव्हाही तिचं एकच सांगणं होतं, "काई बी खाय, कुठी बी राय, पण थे तोंडाले लावू नको." मी शब्द दिला.

नोकरी मिळाली धानोऱ्यापलीकडच्या एका गावात. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उपकेंद्र म्हणजे एक खोली, लोखंडी पलंग, टेबल आणि गजांची खिडकी. पुढे साग, मागे बांबू. बस धरायला दोन तास पायपीट. गाव गोंडी बोलणारं, त्यातल्या निम्म्या बायकांना मराठी कळायची, पण मला गोंडी ओ की ठो येत नव्हती. तीन वर्षं बदली नाही, हे नेमणुकीच्या कागदावरच लिहिलेलं. जंगल फार छान असतं असं म्हणणाऱ्यांनी तिथे एकटीनं एक पावसाळा काढून दाखवावा.

माझ्याकडे येऊन बसणारी एकच होती. समोरच्या घरातली सून, पहिलटकरीण. संध्याकाळी पायरीवर बसायची, माझ्या चपलेला, कंदिलाला, कुत्र्याला गोंडीत काय म्हणतात ते सांगायची आणि माझे उच्चार ऐकून पोट धरून हसायची. तिच्यामुळे दिवस ढकलले जात होते.

दुसऱ्या महिन्यात गावातल्या म्हाताऱ्या सुईणीनं मला एका बाळंतपणाला बोलावलं. सगळं नीट पार पडलं, मुलगी झाली. नाळ गळून पडली त्या दिवशी त्या घरी बायका जमल्या. मलाही बसवलं. भोपळ्याच्या तुंब्यातून पळसाच्या पानांच्या दोन्यात मोहाची दारू ओतली. घरच्या म्हातारीनं पूर्वजांच्या नावानं चार थेंब जमिनीवर सांडले, सुईण प्याली, मग दोना माझ्याकडे आला. वास नाकात शिरला आणि ओसरीवर पडलेला बाप डोळ्यांपुढे उभा राहिला. मी मान हलवली, दोना खाली ठेवला आणि उठून आले. फार सभ्यपणे नाही म्हटलं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तर बायकांनी आपापल्या घागरी बाजूला घेतल्या. रक्तवाढीच्या गोळ्या पुढे केल्या तर कुणी हात पसरेना. पोटुशी असलेल्या घरांची तर दारंच लागायला लागली. समोरची सून पायरीवर यायची थांबली.

हे काय चाललंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्यासारख्यांना ते आजीच्या तोंडून लहानपणीच कळलेलं असतं. विहिरीपासून लांब उभं राहणं, वरून ओतलेलं पाणी, सगळं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं शिकून, सरकारी नोकरी करून, जंगलाच्या टोकाला येऊनही ही विहीर माझी पाठ सोडत नाही! मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय, आणि का म्हणून? बदलीचा अर्ज मात्र खरडला. उत्तर आलं, तीन वर्षं बदली नाही.

मग मी खिडकीत बसू लागले. त्या खिडकीतून समोरचं अंगण दिसायचं. सुनेला आठवा लागला होता. एका सकाळी ती धान पाखडत होती आणि मला तिचे पाय दिसले. घोट्यापासून सुजलेले, टम्म. चार दिवसांनी चेहराही सुजला. कपाळाला फडकं बांधून बसायला लागली. मला पुस्तकातलं ते पानच डोळ्यांपुढे दिसत होतं. रक्तदाब बघायला हवा होता, धानोऱ्याला न्यायला हवं होतं, नाहीतर झटके येऊन आई आणि मूल दोघंही जातील. रक्तदाबाचं यंत्र माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी अंगणात पाऊल टाकलं की सासू तिला हाताला धरून आत नेत होती. तिथे राहवत नव्हतं आणि तिथून जाता येत नव्हतं. अठरा दिवस मी असे काढले. रडले, चिडले, पण ताठा सोडला नाही.

अठराव्या दिवशी दुपारी ती भिंत चाचपत चालताना दिसली. तिला नीट दिसत नव्हतं. मी धावत सुईणीच्या घरी गेले आणि ओरडले, "माझी जात काय ती विचारून घ्या एकदाची, पण तिला हात लावू द्या!"

म्हातारी बघतच राहिली. "जातीचं काय हाय यात बाई? मी बी तं त्या बाळंतपणाले होती. त्या घरचं पेली आन् सुटली. तू नाई पेली. तू अजून त्याच बाळंतपणात हायस, मनून घागरी बी बाजूले घेते बाया. तशीच दुसरीच्या पोटाले हात लावशीन तं तिच्या लेकराले बाधते. थे भेऊन राह्यले तुले."

एवढंच होतं. बाळंतपणाला हात लावणारी प्रत्येक बाई, मग ती त्यांची स्वतःची सुईण का असेना, त्या घरची दारू घेतल्याशिवाय मोकळी होत नाही. मला धरणी दुभंगावी असं झालं.

मी तशीच त्या पहिल्या घरी गेले. घरच्या म्हातारीनं तुंबा काढला. आईला दिलेला शब्द आठवला, आणि मी दोना एका दमात रिकामा केला. जीभ खिळ्याला आणि रॉकेलला तयार होती. तसं काही नव्हतंच. आधी धूर लागला, चुलीवर आटलेल्या दुधाला असतो तेवढा. मग फुलाचा ओलसर गोडवा, मनुकांसारखा, आणि तो गिळल्यावर घशातून छातीत उतरलेली ऊब. पानाचा तुरटपणा ओठांवर राहिला. चांगली लागली म्हणून मला स्वतःचा राग आला, पण राग धरायला वेळ नव्हता.

तिथून थेट सुनेकडे गेले, रक्तदाब मोजला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाटेची डोली करून चौघांनी तिला सडकेपर्यंत नेलं, तिथून बांबूच्या ट्रकनं धानोऱ्याला. ती वाचली. मुलगा मेलेलाच जन्मला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणलं असतं तर.

ती गावी परतल्यावर तिच्याही घरी बायका जमल्या. मूल गेलं तरी दारू घ्यावीच लागते. दोना घेऊन ती स्वतःच माझ्यापुढे आली, उभं राहायची ताकद नसताना. मी लगेच हात पुढे केला नाही. सुईणीला वाटलं, मला प्यायचं नाही.

"बोट बुडवून ओठाले लावलं तरी चालते बाई," ती म्हणाली. "तवाही चाललं असतं."

"मग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलंस कुठी?"

ती सून माझ्याकडे बघत होती. तिला मराठी कळत होती. मी बोट बुडवलं नाही. दोना दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू सगळा प्याले. त्या दिवशीची दारूही चांगली होती. कुणी विचारलं तर मी तेवढं सांगू शकते.